अडगळ काढण्याची सामग्री

(द्वितीय वर्ष, कला)

पितृपंधरवडा संपत आला आणि घट बसायला चार दिवस उरले, की आमच्या भागात घराघरातले सामान अंगणात येते. वाकळा ओढ्याला जातात, डबे उन्हात बसतात, भांडी चिंचेने घासून ओळीने पालथी पडतात आणि कोणाच्या घरी किती पितळ आहे हे साऱ्या आळीला कळते. चार दिवस हा सोहळा चालतो. पाचव्या दिवशी धुतलेले, पुसलेले, वाळलेले सारे सामान पुन्हा जिथल्या तिथे जाऊन बसते. घर स्वच्छ होते, पण मोकळे होत नाही. गेल्या वर्षी ही गोष्ट प्रथमच माझ्या ध्यानात आली, कारण गेल्या वर्षी मला घरात तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी जागा हवी होती.

जागा टेबलासाठी हवी होती. आमचे घर खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावी आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि माजघरावर लाकडी माळा. माणसे सहा : आजी, अण्णा, आई, दादा, धाकटा भाऊ आणि मी. आमच्या घरात दहावीच्या पुढे आजवर कोणी गेलेले नाही. त्यामुळे शिकायला पैसे लागतात आणि वेळ लागतो हे घराने मान्य केले आहे. जागा लागते हे अजून त्याच्या गळी उतरायचे आहे. "चुलीम्होरं बसून वाच की," असे आजी म्हणते, आणि तिचे चुकते असेही नाही. पण तृतीय वर्षाचा प्रकल्प चुलीपुढे लिहून होईल, असे मला वाटेना.

जागा करायची तर अडगळ काढली पाहिजे, आणि अडगळ काढायची तर काही साहित्य पाहिजे, एवढे कळले. तालुक्याच्या बाजारात चौकशी केली. एका दुकानात एकावर एक बसणारे प्लॅस्टिकचे पारदर्शक डबे दाखवले. हवा काढून टाकली की गादीची पोळी करणाऱ्या पिशव्या दाखवल्या. डब्यांवर चिकटवायच्या रंगीत पट्ट्याही होत्या. किमती ऐकून मी पाणी पिऊन परत आले. येताना एस.टी.त विचार करता करता एक गोष्ट सुचली, आणि तीच या लेखाचे निमित्त आहे. दुकानातले ते सारे साहित्य अडगळ काढण्याचे नव्हतेच. ते अडगळीला नीट बसवून ठेवण्याचे होते. काढण्याचे साहित्य वेगळे असते, ते बहुतेक घरातच असते, आणि त्याचे काम वस्तू ठेवणे हे नसून वस्तू एकमेकींपासून निराळ्या करणे हे असते.

आपल्या भाषेकडे पाहिले तर हे कोडे आपोआप सुटते. नको असलेल्या वस्तूला मराठीत एक नाव नाही. केर आहे, रद्दी आहे, भंगार आहे, मोड आहे, चिंध्या आहेत. ज्याला यांपैकी कोणतेच नाव देता येत नाही ती अडगळ. केर उकिरड्यावर किंवा घंटागाडीत जातो. रद्दी तागडीवर जाते. लोखंड, पत्रा आणि बाटल्या भंगारवाल्याकडे जातात. फुटकी तांब्यापितळेची भांडी मोड म्हणून भांड्यांच्या दुकानात जातात आणि तिथे त्यांचे वजन धरून नव्या भांड्याच्या किमतीत वळते करतात. चांगले जुने कपडे बोहारणीकडे जातात, फाटके वाकळेत जातात. म्हणजे प्रत्येक नावाच्या वस्तूला घराबाहेर पडण्याची आपली वाट आहे. वाट नाही ती फक्त अडगळीला, कारण ती अद्याप निवडलेली नाही. धान्यातले खडे निवडायला जसे सूप लागते, तसे अडगळ निवडायला काय काय लागते, ते मी पंधरा दिवसांच्या खटाटोपावरून सांगते.

सुरुवात माळ्यापासून. माळ्यावर चढायला शिडी, उजेडाला बॅटरी, तोंडाला बांधायला जुनी ओढणी आणि जळमटे काढायला लांब काठीला बांधलेली केरसुणी, एवढे तर सगळेच घेतात. मी त्यात भाकरी भाजण्याचा चिमटा घातला, तोही मोठा, आणि पायांत चप्पल नव्हे तर बूट घातले. आमच्याकडचा मुलूख कोरडा, दगडाचा. जुन्या गोणपाटाच्या घडीत विंचू असणे ही नवलाची गोष्ट नाही. विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य माणसे वाचली, हे खरेच; पण म्हणून न बघता घडीत हात घालण्याचे कारण नाही. वस्तू आधी चिमट्याने हलवावी, मग उचलावी. पहिल्या दिवशी मला तीन विंचू भेटले. चिमट्याबद्दल आजीने आधी केलेली कुरकुर त्या दिवशी थांबली.

दुसरी वस्तू पोती. कमीत कमी चार, शक्यतो तागाची. धान्य तागाच्या पोत्यात भरावे असा १९८७ सालचा कायदा असल्यामुळे ही पोती अजून खेड्यापाड्यांत सहज मिळतात. आडत दुकानात रिकामी विकत देतात. प्लॅस्टिकची पांढरी गोणी स्वस्त असते, पण महिनाभर उन्हात राहिली तर तिचे धागे कुजल्यासारखे तुटू लागतात आणि ऐन वेळी बूड सुटते. शिवाय तिच्यात हवा खेळत नाही. कपडे दमट असतील तर वास धरतात. तागाच्या पोत्यावर चुन्याने मोठे अक्षर काढता येते. मी चार अक्षरे काढली : र, भ, मो, चिं. मोडीचे पोते जवळजवळ रिकामेच राहिले, पण भंगाराचे दोनदा भरले.

पोत्यासोबत दाभण आणि सुतळी हवीच. याचे कारण शास्त्रीय नाही, कौटुंबिक आहे. उघड्या तोंडाचे पोते हे घरातल्या माणसांना आमंत्रण असते. मी सायंकाळी भरलेल्या पोत्यातून सकाळी एक कंदील, दोन झाकणे आणि सायकलचे मडगार्ड परत खुंटीवर गेलेले असे. आजी पहाटे उठते. मग मी भरल्या पोत्याचे तोंड तिथल्या तिथे दाभणाने शिवू लागले. शिवलेले पोते कोणी उसवत नाही. उसवण्याला बेत लागतो, काढण्याला नुसता हात लागतो. परंतु हा उपाय मला पुढे सोडून द्यावा लागला. त्याचे कारण सांगण्याआधी काटा आणि केराविषयी थोडे.

काटा म्हणजे ताणकाटा, हाताला धरून हूक खाली सोडायचा. रद्दीवाल्याचे आणि भंगारवाल्याचे वजन घरी एकदा करून ठेवले, की दारात वाद होत नाही. व्यापारातल्या वजनकाट्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. आपला घरचा काटा अंदाजापुरता, त्याला कोणी शिक्का मारत नाही. पण तो खरा आहे की नाही हे पाहणे सोपे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनचे वजन आधी करावे, मग तो काठोकाठ न भरता मापाने पाच लिटर पाणी घालून पुन्हा करावे. फरक पाच किलोचा आला पाहिजे. आमचा काटा दीडशे ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे इतकी वर्षे आम्ही घरच्या काट्याने वजन करून दारातल्या माणसाशी भांडत होतो, ते आमच्याच चुकीने.

केराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. घनकचऱ्याच्या २०१६ सालच्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. त्यांतला तिसराच आपण विसरतो. आमच्या माळ्यावर रेडिओचे फुगलेले सेल, मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि फुटकी ट्यूबलाइट निघाली. ट्यूबमध्ये पारा असतो, ती पोत्यात कोंबू नये. यासाठी एक पुठ्ठ्याचा खोका निराळा ठेवला, एवढेच. तसेच साफसफाईच्या भरात ब्लीचिंग पावडर आणि मोरीसाठी आणलेले अॅसिड एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवावर बेततो. कपड्यांत डांबरगोळ्या घालण्याची चाल आहे. त्या नॅफ्थलीनच्या असतील तर घरात तान्हे मूल असताना त्या कपड्यांपासून सांभाळावे. त्या वाफेने काही बालकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. त्या गोळ्यांत ठेवलेले दुपटे बाळाला तसेच गुंडाळणे धोक्याचे. आम्ही सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला घालतो. तो मात्र दर वर्षी बदलावा लागतो, आणि तेवढा आळस आम्ही करतोच.

आता पोती शिवणे का सोडले ते.

माझी ती युक्ती चार दिवस चालली. पाचव्या दिवशी आजी जेवली नाही. कोणाशी बोललीही नाही. संध्याकाळी आईने सांगितले, की शिवलेल्या पोत्यात तिची एक पत्र्याची डबी गेली आहे. डबी रिकामी होती, झाकणाला भोक होते. पण ती आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, तंबाखूची डबी होती. आबांना जाऊन सहा वर्षे झाली. मी पोते उसवले, डबी काढली, राखेने घासून आजीच्या हातात दिली. तिने ती घेतली आणि एवढेच म्हणाली, "इचारायचं तरी हुतंस." त्या रात्री मला कळले, की माझ्या साहित्यात एक वस्तू कमी आहे. टाकू की ठेवू हे ठरत नाही तोवर वस्तू कुठे असावी, आणि ते कोणी ठरवावे, याची काहीच व्यवस्था मी केलेली नव्हती.

ही वस्तू मला अनपेक्षित ठिकाणी सापडली. माझा आतेभाऊ पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला आहे. तो सर्वपित्रीला आला होता. पोत्यांची रांग पाहून हसला आणि म्हणाला, "तू तर आमच्या कंपनीतलं फाइव्ह एस चालवलंयस." जपानमधल्या कारखान्यांत रूढ झालेली ही पाच पायऱ्यांची पद्धत आहे. पाचही जपानी शब्द स-काराने सुरू होतात : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. निवडणे, जागच्या जागी लावणे, स्वच्छ करणे, ती रीत कायम करणे आणि तिचे वळण लावून घेणे, असा त्यांचा साधारण अर्थ. मला पहिल्या पायरीतली एक गोष्ट फार आवडली. यंत्राजवळ पडलेली एखादी वस्तू लागते की नाही याचा संशय असला, तर कारखान्यात ती फेकत नाहीत. तिला लाल चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर तारीख असते. वस्तू एका राखून ठेवलेल्या जागी जाते. ठरलेल्या मुदतीत कोणी ती मागायला आले तर परत जाते. नाही आले तर बाहेर पडते.

जपानचीच आणखी एक पद्धत मी वाचली होती. मारी कोन्डो या बाईंचे पुस्तक २०११ साली जपानीत निघाले आणि २०१४ मध्ये इंग्रजीत आले. वस्तू हातात घ्यावी. ती हाती घेताना मनाला आनंद झाला तर ठेवावी, नाही तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, असे त्या सांगतात. आभार मानण्याची कल्पना आजीलाही पटली असती. परंतु आनंदाची कसोटी आमच्या घरात लावावी कशी? पहार हातात घेऊन कोणाला आनंद होतो? रेशनकार्ड पाहून तर उलट चिंताच वाटते. ज्या घरात वस्तू पुन्हा विकत घेणे सोपे आहे तिथे ही कसोटी चालेल. आमच्याकडे "लागतंय कवातरी" ही कसोटी आहे, आणि ती गरिबीने शिकवलेली असल्यामुळे तिला हसता येत नाही. फक्त तिला मुदत नाही, ही तिची अडचण आहे. लाल चिठ्ठीने मला ती मुदत दिली.

चिठ्ठी कागदाची केली नाही. आजीच्याच एका विटलेल्या लाल लुगड्याच्या चिंध्या काढल्या, हातभर लांब आणि दोन बोटे रुंद. ज्या वस्तूचा निर्णय होईना तिला एक चिंधी बांधायची आणि ती सोप्याच्या एका कोपऱ्यात ठेवायची. नियम दोनच. पहिला असा, की चिंधी सोडण्याचा अधिकार ज्याची वस्तू त्याचा, माझा नाही. दुसरा असा, की घटस्थापनेला बांधलेली चिंधी संक्रांतीपर्यंत कोणी सोडली नाही, तर ती वस्तू आपल्या वाटेने जाईल. आजीने दोन्ही नियम ऐकून घेतले. म्हणाली, "चिंधी बांदलीस म्हंजी अजून टाकलं न्हाईस न्हवं? मग बांद." आणि त्यानंतर पहाटेचा तिचा फेरा बंद झाला, पोती शिवण्याची गरजही राहिली नाही.

एकतीस चिंध्या बांधल्या होत्या. संक्रांतीपर्यंत आजीने सात सोडल्या, आईने पाच, अण्णांनी दोन. अण्णांच्या दोन म्हणजे एक कुऱ्हाडीचे पाते आणि एक घंटा. मेंढरे विकून अकरा वर्षे झाली, घंटा राहिली. आजीने सर्वांत आधी सोडलेली चिंधी आबांच्या घोंगडीची. ती काळी घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगराने विणलेली. एका कडेला कसर लागून चाळण झालेली. मी तिला भंगार म्हणणार होते. आजीने तिची खराब कड कात्रीने कापली, उरलेली उन्हात टाकली, झटकली आणि आपल्या अंथरुणात घेतली. उरलेल्या सतरा वस्तूंपैकी सोळा संक्रांतीनंतर निमूटपणे गेल्या. त्यांत एक मोडका पाळणा होता. त्याच्याकडे आजीने एकदाही वळून पाहिले नाही, आणि मी तर तिची सारी माया त्यातच असेल असे धरून चालले होते.

हे झाले वस्तूंचे. कागदांचा प्रकार निराळा आहे, आणि माझ्या हातून सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. ती मी शेवटी सांगते आहे, पण घडली ती पहिल्याच दिवशी.

माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत कागद होते. विजेची बिले, सोसायटीच्या पावत्या, लग्नपत्रिका, मोडक्या पाठाची पुस्तके. मी पेटी पालथी केली आणि एकेक कागद वरवर पाहत रद्दीच्या ढिगात टाकत गेले. त्यांत एक पिवळा, घडीवर चिरलेला कागद होता. त्यावर जिल्हा म्हणून "दक्षिण सातारा" असे लिहिलेले होते. आपला जिल्हा सांगली, तेव्हा हा कोणातरी परक्याचा, असा मी निष्कर्ष काढला. भूगोल हा माझा विषय आहे, हे इथे लाजत लाजत नमूद करते. सायंकाळी रद्दीवाला आला आणि बावीस किलो रद्दी घेऊन गेला.

रात्री जेवताना मी सहज म्हणाले, "दक्षिण सातारा कुठं आलं?" अण्णांचा घास हातातच राहिला. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग तोडून जो जिल्हा केला त्याचे नाव दक्षिण सातारा होते, आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. तो कागद आबांच्या शाळेचा दाखला होता. आबा तिसरीपर्यंत शिकले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांची शाळा सुटली. तेव्हा महाराष्ट्र राज्यसुद्धा झालेले नव्हते. आमच्या घरातला जातीचा रकाना भरलेला सर्वांत जुना कागद तोच.

त्याचे महत्त्व काय, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात जात पडताळणीचा कायदा २००१ साली अमलात आला. राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश घ्यायचा किंवा नोकरी करायची तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आपले पूर्वज एका ठरावीक तारखेच्या आधीपासून इथले आणि त्या जातीचे होते याचा पुरावा द्यावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबा शिकले त्यांच्याकडे असे दहा कागद निघतात. आमच्याकडे एकच होता. शाळेत दुसरी प्रत मिळाली असती म्हणावे, तर त्या सालचे रजिस्टर केव्हाच पावसात भिजून लगदा झाले होते, हे अण्णा आधीच विचारून आले होते. मला पुढे बी.एड्.ला जायचे आहे. म्हणजे मी माझ्या पुढच्या शिक्षणाची वाट वजनावर विकून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा आणि मी मोटारसायकलने रद्दीवाल्याच्या गोदामावर गेलो. गोदाम म्हणजे पत्र्याची शेड. तो माणूस तिथे खाली बसून निवडत होता : पांढरा कागद एकीकडे, वर्तमानपत्रे एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, कारण प्रत्येकाचा पुढे वेगळा भाव होतो. मी काय हरवले ते अजून नीट सांगितलेही नव्हते, तोच त्याने मागच्या कोनाड्यातून एक गठ्ठा काढला. म्हणाला, "शिक्का मारलेला कागद मी कधी पोत्यात टाकत नाही, ताई. माणसं येतात मागायला." गठ्ठ्यात चार गावांतले कागद होते. आमचा वरून तिसरा होता. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. मी त्याच्या शेजारी बसून अर्धा तास त्याचे निवडणे पाहिले. मी कागद वाचून निवडत होते आणि चुकले. तो बोटांनी निवडत होता आणि चुकत नव्हता. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, हे मी पूर्वी परीक्षेपुरते वाचले होते. निवडणे ही विद्या आहे, हे तिथे बसल्यावर समजले.

म्हणून कागदांसाठी लागणारी सामग्री मी आता अशी सांगेन. एक पत्र्याची पेटी, झाकण घट्ट बसणारी, आणि ती जमिनीवर नव्हे तर दोन विटांवर, म्हणजे वाळवी आणि ओल चढत नाही. एक हात चौरस धुतलेले सुती कापड. जुन्या दप्तरखान्यांत कागदांचे गठ्ठे कापडात बांधतात आणि त्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद अशा रुमालांत राहिले आहेत. कापडात हवा खेळते आणि धूळ बसत नाही. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात, गंजून त्यांचा डाग कागद खातो. रबर बँड नको, तो उन्हाळ्यात वितळून चिकटतो. जुना कागद लॅमिनेट तर मुळीच करू नये. एकदा चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आत पिवळा पडत राहतो. मोबाइलवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावेत. २०१५ पासून डिजिलॉकर आले आहे आणि आमच्या पिढीच्या गुणपत्रिका त्यात मिळतात, पण आबांचा दाखला त्यात कुठून असणार? शेवटची वस्तू म्हणजे एक वही. पेटीत काय आहे त्याची यादी तिच्यात लिहिली आहे, आणि प्रत्येक नोंदीपुढे तो कागद कोणाचा आणि कशाला लागतो हेही. वहीतली पहिली नोंद "दक्षिण सातारा म्हणजे सांगली" अशी आहे. धाकट्या भावासाठी ती मुद्दाम केली आहे.

एकूण खर्च सांगायचा तर पोती, सुतळी आणि पेटीचे नवे कडीकोयंडे एवढेच विकत आणावे लागले. भंगार आणि रद्दीच्या पैशांतून तो निघाला, आणि वर जे उरले त्यात टेबलासाठी जुनी फळी आणि दोन घडीचे पाय आले. फळी तीन फुटांची आहे. रुंदी मात्र दोन फुटांऐवजी पावणेदोनच मिळाली, कारण त्या बाजूला एकतिसावी चिंधी आहे.

ती चिंधी धाकट्या चुलत्यांच्या गाठोड्याला बांधली आहे. आमच्या भागातले अनेक लोक सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगले आहेत. नाना तसेच केरळात आहेत. बारा वर्षांपूर्वी जाताना ते गाठोडे ठेवून गेले. आत काय आहे कोणाला माहीत नाही, आणि ज्याची वस्तू त्यानेच चिंधी सोडायची हा नियम मीच केलेला. संक्रांतीला फोन केला तेव्हा म्हणाले, "असू दे, दिवाळीला आलो की बघू." आजीने त्या दिवशी गाठोड्यावरची धूळ पुसली, चिंधीची गाठ जरा घट्ट केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मुदत वाढवायची का न्हाई, त्ये तुज्या वहीत ल्हिवून ठेव." मी लिहून ठेवले आहे.